मदत हवी आहे: पायी गरवायला (गळाने मासे पकडायला) जाणाऱ्याने तंबू कुठला घ्यावा? बर्फावरचा चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो. निवृत्तीनंतर गरवायचा नाद लागला. होडी नाही आणि या वयात घ्यायचीही नाही. घरातून निघायचं, सडा (कातळाचं पठार) ओलांडायचा, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरायची आणि खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, बसायचं. चाळीस मिनिटांची चाल. पाठीवर रॉड-रील, आमिषाची कोळंबी, पाणी, डबा. त्यात आता निवारा हवाय.

सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, असते तोवर सुख आहे. अकरानंतर कातळ तापतो, दुपारी खारा वारा सुटला की तोंडावर तुषार येतात. थंडीत रात्री थांबलो तर दंवाने टोपी पिळून काढावी लागते. तांबोशी मासळी नेमकी तिन्हीसांजेला चढत्या पाण्यावर लागते, त्यामुळे लवकर आवरून घरी येणं जमत नाही.

गेल्या वर्षी ऑनलाइन एक झटक्यात उघडणारा तंबू मागवला होता. उघडायचा खरंच झटक्यात. मिटवायला मात्र दोन माणसं आणि एक नारळ लागायचा. तिसऱ्या खेपेला वाऱ्याने लोळवत नेला, आतली स्प्रिंगची कडी खाऱ्या हवेने गंजून तुटली. असो.

आता पुतण्या अमेरिकेत मिनेसोटात असतो, नाताळात येणार आहे. तिथे तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडून गरवतात आणि वर तंबू ठोकून बसतात. त्याने व्हिडिओ पाठवला. पिशवीतून गाठोडं काढलं, चार भिंती एकेक बाहेर ओढल्या, छत वर ढकललं, की मिनिटभरात खोली उभी! म्हणतो, "काका, हाच घेऊन येतो." घरची मंडळी म्हणतात, फुकट येतंय तर नाही कशाला म्हणता.

मला शंका आहे. माझ्या पाठीला निवाऱ्याचं ओझं चार किलोच्या वर झेपणार नाही. कातळात खुंटी जात नाही. आणि बर्फासाठी शिवलेल्या कापडात कोकणातला माणूस शिजेल की राहील? कुणी वापरलाय का? नसेल तर दुसरं काय घ्यावं? सहा-सात हजारांपर्यंत तयारी आहे.

बर्फातला_कोकणी:

काका, मी मूळचा राजापूरकडचा, बारा वर्षं याच बर्फात आहे. माझ्याकडे असा तंबू आहे म्हणून सांगतो, आणू देऊ नका.

व्हिडिओत दिसतो तो हब प्रकार. भिंतीच्या मधोमध गाठ असते, ती ओढली की काड्या ताणून भिंत फुगते. दोन-तीन माणसांचा साधा हब दहा-बारा किलोच्या आसपास जातो, अस्तराचा त्याहून जड. दुसरा प्रकार फ्लिप-ओव्हर, तो घसरगाडीवरच बसवलेला असतो आणि मागून डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचा. पायी जाणारे इथेही बरेच आहेत, पण ते ओझं उचलत नाहीत, बर्फावरून ओढतात. सगळी मेख तिथे आहे. तुमच्या पाखाडीवरून घसरगाडी कशी नेणार?

दुसरं म्हणजे तो तंबू ऊब धरायला केलेला. अस्तर गोधडीसारखं, आतून काळोख, म्हणजे भोकातून खाली पाण्यात नीट दिसतं. आत गॅसचा हीटर लावतात, म्हणून खाली-वर झरोके ठेवायचे असतात, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. दुपारी दोनला तुमच्या कातळावर त्यात बसलात तर हीटरची गरज पडणार नाही एवढं नक्की.

तळ नसतो, भोकं पाडायची म्हणून. तुम्हाला ते एका अर्थी बरंच. पण अडकवायचे स्क्रू बर्फात पिळून बसवायचे असतात, कातळात त्यांचा उपयोग शून्य. विमानाचंही बघा. गुंडाळलेला हब चार-पाच फूट लांब असतो, आणि बऱ्याच विमान कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरच्या वर गेली की जादा पैसे घेतात. फुकट कसलं!

एक गोष्ट मात्र आमच्याकडून घ्या. वारा असताना आम्ही तंबू आधी उघडत नाही. वाऱ्याकडची बाजू आधी जखडायची, मग उघडायचा. उलट केलं की तंबू तळ्याच्या पलीकडे, आणि माणूस मागे धावतोय. दर हिवाळ्यात हे दृश्य दिसतं.

खाडीकाठचो:

काका, बर्फाचो तंबू हंय कित्याक व्हयो? हंय बर्फ फक्त मासळीच्या पेटयेत असता. माझो आजो इरला घेऊन बसायचो. पाऊस नाय, ऊन नाय, आणि वजन म्हणशात तर काय्येक नाय. वारो इलो तर तेवढा हातान धरूचा लागायचा.

रत्नांग्रीकर:

वरच्यांचं इरल्याचं हसण्यावारी नेऊ नका, कल्पना तीच आहे. चार भिंती नकोत. पाठ आणि डोकं झाकलं की झालं.

मी सहा वर्षं गणपतीपुळ्याच्या पुढच्या खडपातून गरवतोय. तंबू सोडून दिला, आता ताडपत्री वापरतो. ताडपत्री म्हणजे निळी प्लास्टिकची नव्हे, ती वाऱ्यात इतकी फडफडते की स्वतःचा विचार ऐकू येत नाही. ट्रेकिंगवाले वापरतात ती पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरची, कडेला पट्ट्यांचे फास असलेली. अडीच बाय तीन मीटर पुरते. दोन घडीच्या ॲल्युमिनियम काठ्या आणि दोर धरून सगळं दोन किलोच्या आत बसतं. काठ्या फायबरच्या घेऊ नका. उन्हात वर्षभर राहिल्या की तडकतात आणि कुसळं हातात घुसतात.

आता कातळाचं. बाजाराच्या रिकाम्या जाळीच्या पिशव्या सहा घ्या. वजन नाहीच. जागेवर गेल्यावर त्यात दगड भरा, दोर पिशवीच्या तोंडाला बांधा. दोर सरळ धोंड्याला गुंडाळला तर खडपावरची कालवं (चिकटलेले शिंपले) तो तासाभरात कापतात, हे मी एक ताडपत्री घालवून शिकलो. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, बसलात तर त्याच पिशव्यांच्या जागी कापडी पिशवी घ्या, ओली वाळू भरा आणि हातभर खोल आडवी पुरा. सुक्या वाळूत खुंटी म्हणजे लोण्यात सुई.

उतार कुठे करायचा हा खरा प्रश्न. दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे तुमच्या तोंडावर. समुद्राकडची कड खाली आणली की गळ टाकता येत नाही. मी ताडपत्री तिरकी लावतो, वायव्येची कड गुडघ्याएवढी खाली, डावीकडे खांद्यापर्यंत उघडी. रॉड डावीकडून फेकायचा. सुरुवातीला चुकतं, मग हाताला सवय होते. रात्री वारा फिरून जमिनीकडून आला की पाठीमागची कड खाली घ्या. दंवालाही उघडी ताडपत्री बरी. बंद तंबूत आपलाच श्वास थंड कापडावर जमून पाणी टपकतं.

चौल_अलिबाग:

हे सगळं ठीक आहे, पण पाणी किती चढतं ते धरून जागा निवडा. आमच्याकडे मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाला साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो, तिकडे देवगड-मालवणात त्याच्या निम्म्यासारखा. त्यामुळे तिकडचे लोक गाफील राहतात. निवारा लावला की माणूस बूड हलवत नाही, आणि मागची वाट पाण्याखाली जाते.

मूळ लेखक:

चौलकर, तिथीचं गणित आजोबांनी शिकवलंय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा वाजता, तेव्हा भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाण. थोडं पुढेमागे होतं, पण वाट कधी बुडेल तेवढं कळतं. तरी तुमचा मुद्दा खरा आहे. गेल्या कार्तिकात गप्पांत एकदा गुडघाभर पाण्यातून आलो होतो, घरी सांगितलेलं नाही.

रत्नांग्रीकर:

तिथी भरती सांगते, लाट सांगत नाही. दूरवरच्या वादळाची फुगलेली लाट स्वच्छ उन्हातही येते. हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचे इशारे देतं, निघण्याआधी तेवढं बघत चला. आणि मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात गडगडलं की सगळं सोडून वर या. कार्बनचा रॉड विजेला चांगला वाहक आहे.

हर्णैची_ताई:

एक विनंती. खडपात काही अडचण नाही, पण हिवाळ्यात पुळणीवर रात्री निवारा लावणार असाल तर आधी गावात विचारा. वेळास, आंजर्ले, आमच्या आसपासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. पांढरा दिवा दिसला की मादी अर्ध्यातून परत फिरते, पिल्लंही उजेडाकडे भरकटतात. हेडलॅम्पला लाल कागद लावा, तोही खाली वळवून. आणि मालवणकडे गेलात तर सागरी अभयारण्याची हद्द कुठे सुरू होते ते विचारून घ्या, ते १९८७ पासून आहे.

मूळ लेखक:

सगळ्यांचे आभार. पुतण्याला कळवलं, बर्फाचा तंबू नको. जरा हिरमुसला. म्हटलं, त्याऐवजी हलकी ताडपत्री आण, ती बॅगेत कपड्यांच्या घडीत मावेल.

काल शेजाऱ्याची जुनी ताडपत्री मागून तालीम केली. जाळीच्या पिशव्यांची युक्ती पक्की बसली. वाऱ्याकडची बाजू आधी, हेही केलं. तिरकी लावून डावीकडून फेकायला मात्र जमेना, दोनदा गळ ताडपत्रीतच अडकला. शेजाऱ्याला अजून दाखवलेली नाही.

आता एवढंच सांगा: दोन काठ्यांपैकी एक मला सडा उतरताना टेकायला वापरायची आहे, गुडघा कुरकुरतो. ट्रेकिंगची काठी ताडपत्रीला चालते का, की उंची कमी पडते?

रत्नांग्रीकर:

चालते. पिळून घट्ट करायची घेऊ नका, आत वाळू गेली की सरकते. खटक्याची घ्या. १३० सेंटीमीटरपर्यंत उघडते, बसून गरवायला पुरे. घरी आल्यावर सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ धरून कायमचे जाम होतात. आणि शेजाऱ्याकडे जाताना एखादी तांबोशी घेऊन जा.