म्हणे, भांडी घासताना फक्त भांडी घासा!

कढीपत्ता:
काल 'निवांत' यांनी आपल्या ठाण्यातल्या उपवन तलावाचा फोटो टाकून लिहिलं की समाधानासाठी कुठे जायला नको, झेन भिक्षूसारखं जगा. चहा पिताना फक्त चहा प्या, भांडी घासताना फक्त भांडी घासा. खाली बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

निवांत, शेवटची कढई कधी घासलीत? मी काल रात्री पावणेअकराला घासली. भरली वांगी तळाला लागलेली, मसाला कडेनं काळा झालेला आणि काथ्या संपलेला. चमच्यानं खरवडताना मी संपूर्ण वर्तमानात होते, शंकाच नको. समाधान मात्र हॉलमध्ये सोफ्यावर मोबाइल बघत बसलं होतं.

सकाळी परत ठाणे-वाशी गाडी. घणसोलीला उतरायचं तर रबाळ्याच्या आधीच दाराकडे सरकायला लागतं. श्वासावर लक्ष असतंच तिथे, कारण तो घेता येईल का हाच प्रश्न असतो.

निवांत:
ताई, भांडी मी घासतो. आठवड्यातून दोनदा. आणि झेन म्हणजे सकाळचे सुविचार नव्हेत. दोगेन नावाचा झेन भिक्षू १२२३ साली जपानहून चीनला शिकायला गेला. तिथल्या मठात अडुसष्ट वर्षांचा स्वयंपाकी भर उन्हात अळंबी वाळवत होता. पाठ वाकलेली, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. दोगेननं विचारलं, हाताखालच्यांना का नाही सांगत? तो म्हणाला, ते म्हणजे मी नव्हे. मग एवढ्या उन्हात कशाला? तर म्हणे, आत्ता नाही तर कधी? पुढे १२३७ साली दोगेननं मठाच्या स्वयंपाक्यासाठी वेगळा ग्रंथच लिहिला. कामाला कमी लेखू नये एवढंच माझं म्हणणं.

जुना नौपाडकर:
ध्यान शब्दाचं चीनमध्ये झालं चान आणि जपानात झेन. आपलाच माल, वेष्टन परदेशी. जनाबाईंचं जातं विसरलात आणि जपान्यांची अळंबी आठवते! बाकी तलावपाळीला पूर्वी संध्याकाळी नुसतं बसलं तरी समाधान मिळायचं. आता आधी टेकायला जागा मिळवून दाखवा.

वडापाव_शून्य:
चान चान, काका.

टँकरग्रस्त:
भांडी घासायला पाणी लागतं, हे इथे कोणाच्या लक्षात आलंय का? घोडबंदरला आमच्या सोसायटीत सकाळी पाऊण तास पाणी. बाकी टँकर. त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये, आणि कमिटीची नोटीस, 'पाणी जपून वापरा'. अध्यक्षांची गाडी मात्र रोज पाइपनं धुतली जाते. सोळाव्या मजल्यावर बादली घेऊन नळाकडे बघत उभं राहण्याला झेनमध्ये काही नाव आहे का?

नेरूळवाली:
नवी मुंबईत या. आमच्या पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे.

वाघबीळवासी:
आलं मोरबे! दोन दिवस झाले, कोणी धरणाचं नाव काढलं नव्हतं.

जुना नौपाडकर:
तलावांचं शहर होतं हे. तळी बुजवून टॉवर झाले, तिथे हौसेनं राहायला गेलात. आता रडता कशाला?

टँकरग्रस्त:
हौसेनं? काका, तुमच्या वडिलांनी पागडीनं नौपाड्यात घर घेतलं म्हणून तुम्ही तिथे आहात. मी वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन इथे आहे. तळी मी बुजवली नाहीत. तोंड सांभाळून बोला.

जुना नौपाडकर:
वयाचा तरी मान ठेवा.

टँकरग्रस्त:
पाणी सोडा, मान ठेवतो.

कढीपत्ता:
माझा धागा टँकरखाली गेला, धन्यवाद.

निवांत, 'ते म्हणजे मी नव्हे' हेच माझी आई चाळीस वर्षं म्हणायची. 'राहू दे, तुम्हाला नाही जमायचं, मीच करते.' तिला कोणी गुरू म्हटलं नाही, हट्टी म्हटलं. आणि झेन मठातला स्वयंपाकी म्हणजे मठाच्या सहा कारभाऱ्यांपैकी एक, मानाचं पद! तुम्ही दोगेन सांगितलात, मी चीनमधला झेन गुरू पायचांग सांगते. म्हाताऱ्याला कष्ट नकोत म्हणून शिष्यांनी त्याची अवजारं लपवली, तर तो जेवलाच नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही. हा नियम घरोघरी आणा. रविवारी आमच्याकडे दोनच पानं मांडावी लागतील, माझं आणि सासूबाईंचं.

वडापाव_शून्य:
अध्यक्षांकडे एकही नाही.

निवांत:
पायचांगनं मला उताणा पाडला, मान्य. तुमच्याकडून झेन शिकायला हवं.

पण एक सांगतो. बाबा अडीच महिने हॉस्पिटलात होते. रात्री घरी आलो की त्यांचा स्टीलचा डबा घासायचो. झाकणाच्या खाचेत खिचडीचं शीत अडकायचं, ते नखानं काढायचं. त्या पाच मिनिटांत रिपोर्ट डोक्यात नसायचे. झेन वगैरे तेव्हा वाचलंही नव्हतं. पोस्ट त्या डब्याबद्दल होती, फोटो चुकला.

कढीपत्ता:
मग हे लिहायचं होतं ना, उपवन कशाला? डब्याचं मान्य. पण तो तुमच्या बाबांचा एक डबा होता. माझ्या सिंकमध्ये पाच माणसांची भांडी असतात आणि त्यातले चौघे धडधाकट आहेत. कढईबद्दल मी एक इंचही मागे येणार नाही.

जुना नौपाडकर:
टँकरग्रस्त, रागाच्या भरात बोललो. माझी मुलगी कासारवडवलीला असते. तिच्याकडेही टँकरच येतो.

टँकरग्रस्त:
बरं. आत्ताच आमचा आला. खाली जाऊन झाकण उघडून बघितलं, अर्धाच भरलाय.