एकच नळी काडतूस फेकत नसेल तर

उजवीकडचं काडतूस उडतं, डावीकडचं नुसतं वर येतं, एवढ्यावरून स्प्रिंग बदलायला धावू नका. साउथगेट पद्धतीच्या जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकीत दोन्ही बाजूंचे इजेक्टर, म्हणजे झाडलेलं काडतूस बाहेर फेकणारे भाग, स्वतंत्र असतात. बंदूक रिकामी आहे हे पाहून दोन्हीकडे स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेलं सरावाचं काडतूस, घाला, चाप ओढून फक्त डावा घोडा सोडा, बंदूक उघडा. डावीकडची कॅप जोरात उडाली तर दोष चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) किंवा फुगलेल्या काडतुसात.

मरगळून उडाली तर नळ्या उतरवा. इजेक्टरचा पाय, म्हणजे नळ्यांत सरकणारा त्याचा दांडा, बोटाने ढकलून पाहा, अडखळता कामा नये. बहुतेक वेळा घट्ट झालेलं जुनं तेलच असतं. पाय काढायचा तर आधी त्याला अडवणारा बारीक स्क्रू सोडवावा लागतो. खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल तर हात लावू नका, डोकं खराब होतंच. केरोसीनने धुवा, तेल एकच थेंब. डावा-उजवा पाय अदलाबदल करू नका, प्रत्येक आपल्या जागी घासून बसवलेला असतो.

घोडा सोडून, बंदूक उघडल्यावर फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी पुढचा भाग) काढला तर इजेक्टरचे हातोडे सुटलेले राहतात आणि तो परत बसत नाही. ते हातोडे टेबलासारख्या लाकडी कडेवर दाबून आधी चढवावे लागतात. बोटं दूर ठेवा. आतली व्ही-स्प्रिंग (इंग्रजी V च्या आकाराची) मात्र परवानाधारक कारागिरालाच काढू द्या.