मदत हवी आहे: चौघांनाही पहिल्यांदाच स्कीइंग शिकायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, मुलगी 9 ची मुलगा 13 चा, बर्फ कोणीच पाहिला नाहीये अजून. फेब्रुवारीत जायचं नक्की आहे पण गुलमर्ग की औली हेच ठरेना, गुलमर्गला गोंडोलाच्या (केबल कारच्या) पायथ्याशी सोपे उतार आहेत म्हणतात आणि औलीला गढवाल मंडळ विकास निगमचा (उत्तराखंडची सरकारी पर्यटन संस्था) 7 दिवसांचा कोर्स असतो, मला मनातून कोर्सच बरा वाटतो कारण आधी थांबायला शिकलं पाहिजे ना.

पोरगी तर रोज हॉलमध्ये मोजे घालून, पंजे आत वळवून 'पिझ्झा' करते, म्हणजे ब्रेक!

दोन्हीकडे उंची 2500 मीटरच्या वर, मुलांना त्रास होतो का? बूट, कपडे तिथे भाड्याने मिळतात की इथूनच घ्यायचे? लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनी प्लीज सांगा.