मदत हवी आहे : सेवा नोंदीतील पत्नीच्या नावाची व जन्मतारखेची दुरुस्ती

सर्वांना नमस्कार. मी भूदलातून १९९६ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या वेळी मिळणारे नोंदपुस्तक) आणि पीपीओत (निवृत्तिवेतन अदा करण्याचा आदेश) पत्नीचे नाव 'हौसा' असे माहेरचे लागले आहे, तर लग्नात बदललेले 'सुमन' हे नाव आधार, पॅन आणि बँकेच्या संयुक्त खात्यावर आहे. तिच्या जन्मतारखेच्या जागी डिस्चार्ज बुकात नुसते १९५८ हे साल लिहिले असून आधारवर १ जानेवारी १९६१ आहे. ती शाळेत गेलेली नसल्याने शाळा सोडल्याचा दाखला मिळण्याचा प्रश्नच नाही.

त्यामुळे 'स्पर्श' या सैन्यदलांच्या ऑनलाइन निवृत्तिवेतन प्रणालीवर माहिती जुळत नाही. माझ्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिला या वयात हेलपाटे घालावे लागू नयेत, म्हणून हे काम माझ्या हयातीतच मार्गी लावायचे आहे.

अर्ज थेट रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या सेवा नोंदी ठेवणारे लष्करी कार्यालय) करावा की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत? नावासाठी प्रतिज्ञापत्र पुरते की राजपत्रातील प्रसिद्धीही लागते? आणि दाखला नसताना जन्मतारखेसाठी कोणता पुरावा ग्राह्य धरला गेला, हे ज्यांनी अशी दुरुस्ती करून घेतली आहे त्यांनी कृपया सविस्तर कळवावे.