शिडी लावली की मासे चढतात म्हणे!

खाडीकाठी: काल इथेच कुणीतरी लिहिलं, जलविद्युत म्हणजे सगळ्यात निर्मळ वीज, ना धूर ना राख, आणि माशांचं म्हणाल तर धरणाला शिडी, म्हणजे पाण्याची पायऱ्यापायऱ्यांची वाट, ठेवली की चढतात आपोआप. डोकंच फिरलं. अहो, त्या शिड्या सॅल्मनसाठी. तो उड्या मारतो. आपला पाला, म्हणजे हिलसा, उडी मारत नाही. १९७५ साली गंगेवरचं फराक्का सुरू होण्याआधी तो समुद्रातून पार अलाहाबादपर्यंत जायचा. नर्मदेचंही तेच. सरदार सरोवरानंतर पावसाळ्यात जाळ्यात किती येतो, ते भरुचच्या मच्छीमारांना विचारा.

मुलुंडकर: फराक्का वीजधरण नाही हो. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून हुगळीत पाणी वळवायला बांधलेला तो बंधारा. विषय विजेचा, उदाहरण बंदराचं! आणि खोपोलीचं वीजघर १९१५ पासून मुंबईला वीज देतंय, ती चालते ना?

खाडीकाठी: बरं. मग माशाला जाऊन सांगा, बाबा रे, ही भिंत बंदराची आहे, तू जा पुढे.

रोह्याची सून: आमच्या कुंडलिकेचं ऐका. भिऱ्याच्या वीजघरात वीज तयार झाली की नदी फुगते, बंद झाली की खडक उघडे. राफ्टिंगवाल्यांची चैन. काठाच्या उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्यांनी काय करायचं? माझे सासरे मृगाच्या पहिल्या पावसात वलगणीला, म्हणजे चढणीचे मासे धरायला, जायचे, टोपलं भरून मळ्ये. आता दोन कालवणं होतील एवढे मिळाले तर मिळाले.

मुलुंडकर: वहिनी, वलगणीचे म्हणजे पोटात अंडी घेऊन चढणारेच ना? ते तव्यावर, आणि दोष धरणाला!

दादरचा बाळू: शंभर टक्के! जून-जुलैत समुद्रात बंदी, ओढ्यात मात्र जो तो पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभा. बांगलादेशात अंडी घालायच्या दिवसांत २२ दिवस हिलशाला हात लावू देत नाहीत.

रोह्याची सून: आमच्या तव्यात किती मावतात हो? पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले तरी ओढा आटला नव्हता. मुंबईत एसीत बसून गावच्या टोपल्या मोजताय.

मुलुंडकर: एसी नाही माझ्याकडे. आणि टोपली तुम्हीच मोजलीत. आता तर रात्री बॅटऱ्या लावून, विजेचा शॉक देऊन मारतात. माझ्या मामाच्या गावी डोळ्यांनी पाहिलंय, डबक्यात पिल्लूसुद्धा उरलं नाही.

रोह्याची सून: शॉकवाल्यांना चोपायलाच हवं. पण ते सासऱ्यांच्या खात्यात नका टाकू.

खाडीकाठी: धरणावर या की परत! अमेरिकेत क्लामथ नदीवरची चार धरणं पाडली. २०२४ मध्ये काम संपलं आणि त्याच वर्षी सॅल्मन वर पोचले.

मुलुंडकर: पाडा मग कोयना. संध्याकाळी मेणबत्त्या मी आणतो. बाकी हिलशाला शिडी कामाची नाही, हे मान्य. छापून घ्या, परत म्हणणार नाही.

दादरचा बाळू: ते राहू दे. वहिनी, मळ्यांना तिरफळ घालता की नाही?

रोह्याची सून: आधी माफी मागा, मग सांगते.