मदत हवी आहे : सीक्रेट इन्व्हेजन वाचून पार पचका झालाय, टाय-इन घेऊ का इथंच थांबू?

भडंग_आणि_चहा (सांगली)

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मार्व्हलचं सीक्रेट इन्व्हेजन, म्हणजे २००८ चं मूळ कॉमिक, २०२३ ला आलेली सहा भागांची सिरीज नव्हे (तिच्याबद्दल नकोच बोलायला), त्याच्या आठही अंकांचा खंड मागवून वाचून काढला आणि काय सांगू राव, एवढा गाजावाजा ऐकलेला आणि हातात आला भोपळा. आता अडचण अशी की आमचा इथं विश्रामबागेत चार टाळक्यांचा कॉमिक्स कट्टा आहे, वर्गणी काढून पुस्तकं मागवतो आणि आळीपाळीनं वाचतो, आणि यावेळची खरेदी माझ्या गळ्यात आहे. एकजण म्हणतोय नुसती मुख्य मालिका वाचून काय कळणार, आजूबाजूचे टाय-इन अंक, म्हणजे याच घटनेला जोडलेले इतर मालिकांतले अंक घे, मग चव येईल. दुसरा म्हणतोय आधीच बुडालेत तेवढे पैसे बास, आगीतनं फुफाट्यात कशाला जातोस. मला दोघांचंही पटतंय, तीच तर पंचाईत आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, स्पॉयलर आहेत, आधीच सांगून ठेवतो. स्क्रल म्हणजे हिरव्या कातडीचे, हनुवटीला वळ्या असलेले परग्रहवासी, कुणाचंही रूप घेतात. १९६२ ला फँटॅस्टिक फोरच्या दुसऱ्याच अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बीनं ते आणले आणि त्या गोष्टीच्या शेवटी त्या चौकडीचा म्होरक्या रीड रिचर्ड्स त्यांना संमोहित करून चक्क गायी बनवून टाकतो, म्हणजे सुरुवात तशी गमतीतच झालेली. मग २००७ ला न्यू अॅव्हेंजर्सच्या ३१ व्या अंकात इलेक्ट्रा नावाची मारेकरीण मरते आणि मेल्यावर तिचं प्रेत हिरवं पडतं. वुल्व्हरिनच्या नाकाला कळलं नाही, डॉक्टर स्ट्रेंजच्या जादूला कळलं नाही, मग अजून कोण कोण बदललंय? इथं माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

आणि मुख्य मालिकेचा पहिला अंकसुद्धा एक नंबर आहे. रीड रिचर्ड्स त्या हिरव्या प्रेताची चिरफाड करत बसलाय, शेजारी त्याच्यासारखाच शास्त्रज्ञ हिरो हँक पिम, रीडच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो की हे लोक कसे लपतात, तो ते बोलायला तोंड उघडतो आणि शेजारचा पिम शांतपणे बंदूक काढून त्याला उडवतो. रीड रबरासारखा ताणला जाऊन सगळीकडं पसरतो, डोळा एकीकडं, तोंड एकीकडं. लेनिल यूनं ते पान असलं काढलंय की मी पुढं न जाता तिथंच थांबून बघत बसलो.

पण पुढं काय? सॅव्हेज लँडमध्ये एक यान पडतं, त्यातनं जुन्या ड्रेसमधले हिरो उतरतात, खरे हे का ते, म्हणून मारामारी. बरं, ठीक आहे. मग स्पायडर-वूमन बनून वावरणारी स्क्रल राणी व्हेरांकी आजारी टोनी स्टार्कजवळ (म्हणजे आयर्न मॅनजवळ) येऊन बसते आणि म्हणते, तू आमचाच आहेस, तुला आठवत नाही एवढंच. आहाहा! मला वाटलं आता खरा खेळ सुरू झाला, माणसाला स्वतःचाच भरवसा उरला नाही तर काय होईल. आणि त्याचं पुढं काहीच होत नाही हो! टोनी टोनीच निघतो, विषय बंद. त्यानंतर रीड सुटून येतो, एक यंत्र चालवतो आणि सगळे खोटे एका झटक्यात हिरवे. एवढ्या मोठ्या संशयाचा निकाल एका बटणावर. मग उरलेले अंक सेंट्रल पार्कमध्ये नुसती धुमश्चक्री, एकेका चौकटीत पन्नास जण, कोण कुणाला हाणतंय ते शोधायला भिंग लागतं. वास्प नावाची जुनी हिरोईन मरते, तिच्यासाठी रडायलाही कुणाला वेळ नाही. शेवटी नॉर्मन ऑस्बॉर्न हा खलनायक राणीला गोळी घालतो, टीव्हीवर दिसतो म्हणून सगळी सत्ता त्याच्या हातात, आणि पुढच्या डार्क रेन नावाच्या भानगडीची जाहिरात करून पुस्तक संपतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जाहिरातीत ‘कुणावर विश्वास ठेवाल’ असं विचारायचं आणि आत नुसती हजेरी घ्यायची, हा खोटा, तो खरा, तो खोटा. कुणाच्या घरात काय फाटलं ते दाखवायचंच नाही.

तर विचारायचंय की टाय-इनमधले नक्की कुठले अंक घ्यावेत, की सोडून द्यावं आणि याच धाटणीचं दुसरं काही चांगलं असेल तर ते सांगा. बजेट फार नाही. ढीगभर अंकांची यादी नेटवर मलाही मिळाली आहे, ती कृपया नको, वाचलेलं असेल तेच सांगा.

पवईनाका

साताऱ्याहून रामराम. तुम्ही ते एका बैठकीत वाचलंत ना, तिथंच मजा गेली असणार. मी ते तेव्हा दर महिन्याला वाचायचो, म्हणजे एक मित्र पुण्यातनं आणायचा, आणि दोन अंकांच्या मधला तो महिना हाच खरा खेळ होता. कोण स्क्रल असेल यावर आम्ही राजवाड्यापाशी भेळ खात तासन् तास वाद घातलेत, अॅव्हेंजर्सचा बटलर जार्व्हिस स्क्रल निघाला तेव्हा एकानं पैज जिंकली. ती मजा खंडात कशी येणार? तरी शेवटाबद्दल तुमचं बरोबर आहे, शेवट ढिसाळच आहे.

टाय-इनमध्ये न्यू अॅव्हेंजर्सचे ४० च्या पुढचे अंक बघा. तिथं हिरो जवळजवळ नाहीतच, सगळी तयारी स्क्रलांच्या बाजूनं दाखवली आहे. ४० व्या अंकात व्हेरांकी राणी कशी झाली ते येतं, तिची धर्मवेडी भाषा आणि ‘तो तुमच्यावर प्रेम करतो’ हे पालुपद कुठून आलं ते कळतं. ४४ वा तर चुकवूच नका. ते रीडचा क्लोन बनवतात आणि स्वतःला कसं लपवायचं ते त्याच्याच डोक्यातनं काढून घेतात, त्याच्या घरच्यांना पुढं करून. तुम्ही ‘घरात काय फाटलं’ म्हणताय ना, ते तिथं आहे, फक्त मुख्य पुस्तकात नाही.

भडंग_आणि_चहा

धन्यवाद पवईनाका, ४४ नोंदवून ठेवला. पण महिनाभर थांबण्यातली मजा हे मला अर्धंच पटतंय. आमच्या गल्लीत लहानपणी बहुरूपी यायचा, इन्स्पेक्टरच्या वेषात, खाकी ड्रेस, हातात छडी, ‘तुमच्या नावानं वॉरंट आहे’ म्हणून दारात उभा. आजी घाबरून पदर सावरायची, आम्हा पोरांना माहीत असायचं हा बहुरूपी आहे, तरी छातीत धडधडायचंच. त्याला दहा मिनिटं पुरायची, महिना लागायचा नाही. कारण तो नेमका आमच्या घरातलं काहीतरी बोलायचा, अमक्याचं कर्ज, तमक्याचं लग्न. इथं नेमकं तेच नाही. हँक पिम बदललाय हे कळल्यावर वास्पला, म्हणजे त्याच्या एकेकाळच्या बायकोला, काय वाटलं? एक पान तरी द्या की!

हळदपेवे

मी सुपरहिरोवाला नाही, पण एवढं म्हणतो, ज्या कॉमिकमध्ये लोक चड्डी पँटीवरून घालतात त्यात नातेसंबंध शोधणं म्हणजे जरा जास्तच झालं. लहानपणी वेताळाची इंद्रजाल मराठीत मिळायची, वाचायची, बास. अपेक्षाच ठेवली नाही की पचका होत नाही.

भडंग_आणि_चहा

हळदपेवे काका, वेताळ आम्हालाही प्रिय आहे, रद्दीवाल्याकडनं गोळा केलेला गठ्ठा अजून माळ्यावर आहे. पण ‘कुणावर विश्वास ठेवाल’ असं मीच छापलेलं नाही ना हो, त्यांनीच छापलं. मग विचारणारच.

मिरज_जंक्शन

तुम्ही हॉकआयचं विसरलात. यानातनं त्याची मेलेली बायको मॉकिंगबर्ड उतरते, त्या दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट सांगते, तो विश्वास ठेवतो आणि मग ती खोटी निघते. तेव्हाचा त्याचा चेहरा बघा एकदा परत. तो जे काही बोलतो आणि पुढं जसा वागतो ते मला तरी लागलं होतं. आणि खरी मॉकिंगबर्ड शेवटच्या अंकात परत येते, म्हणजे अगदीच कोरडं नाही. बाकी भांडणाचं मान्य.

भडंग_आणि_चहा

हो, हे खरं, हॉकआयवाला भाग चांगला आहे, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण आठ अंकांत तेवढाच एक.

मिरज_जंक्शन

मग तुम्हाला हवंय ते मुख्य मालिकेत नाही, तिच्या आधीच्या एका छोट्या मालिकेत आहे. २००८ च्या सुमाराचीच कॅप्टन मार्व्हलची पाच अंकांची मालिका, ब्रायन रीडनं लिहिलेली, चित्रं ली वीक्सची. मेलेला कॅप्टन मार्व्हल परत आलाय असं सगळ्यांना वाटतं, त्यालाही वाटतं. तो प्रत्यक्षात स्क्रल आहे, पण त्याला त्या माणसाच्या आठवणी इतक्या घट्ट भरवल्यात की सोंग घेणाराच सोंगात अडकलाय. आपण कोण हे कळल्यावर तो काय ठरवतो ते सांगत नाही, वाचा. टोनीच्या बाबतीत जे तुम्हाला हवं होतं आणि मिळालं नाही, ते इथं पूर्ण केलंय. फक्त पाच अंक, आणि मोठी मारामारी शोधावी लागेल इतकी कमी.

चिरमुरे

पुस्तक विकणार असाल तर मी घेतो, निम्म्या किमतीत, गणपती मंदिराजवळ येऊन नेतो.

भडंग_आणि_चहा

चिरमुरे, कट्ट्याचं आहे, माझ्या एकट्याचं नाही, विचारून सांगतो. पण निम्म्यात नाही देणार, पहिला अंक एकटाच तेवढ्याचा आहे.

कंदीपेढा

मी उलटं सांगतो, गंभीर काही नको असेल तर इन्क्रेडिबल हर्क्युलिसचे ११७ ते १२० घ्या. पृथ्वीवर एवढा हल्ला झालाय तर स्क्रलांच्या देवांनाच गाठू म्हणून वेगवेगळ्या धर्मांतले देव एकत्र निघतात, हर्क्युलिस त्यांचा म्होरक्या. त्यातही घरभेदी कोण याचं कोडं आहे आणि उत्तर असलं बेरकी आहे की मी हसलो पण आणि वाईटही वाटलं. मुख्य मालिकेपेक्षा यात संशय कितीतरी चांगला खेळवलाय. कॅप्टन ब्रिटन आणि एमआय १३ चे पहिले चार अंकही बरे आहेत, ब्रिटनमधली जादू पळवायला स्क्रल येतात, आणि जॉन लेननच्या रूपात राहिलेला एक स्क्रल आपल्या बाजूनं लढतो. हो, खरंच, मी बनवून सांगत नाही.

पवईनाका

कंदीपेढा यांनी हर्क्युलिस सुचवला, मी विसरलोच होतो, शंभर टक्के अनुमोदन. आणि एक जुनं सांगतो. फँटॅस्टिक फोरमध्ये १९८७ ला त्या चौकडीतल्या जॉनी स्टॉर्मचं अॅलिशियाशी लग्न होतं, तीनशेव्या अंकात. काही वर्षांनी, १९९१ च्या ३५७ व्या अंकात कळतं की ती अॅलिशिया नव्हतीच, लायजा नावाची स्क्रल होती, हेर म्हणून आली आणि जीव लावून बसली. आता हे लेखकांनी मागाहून जोडलेलं आहे, लग्न लिहिताना कुणाच्या डोक्यात स्क्रल नव्हता, तरीपण जॉनीचा विचार करा, अख्खा संसार कुणाबरोबर केला? सीक्रेट इन्व्हेजनच्या वेळी फँटॅस्टिक फोरची वेगळी तीन अंकांची मालिका आली, त्यात हीच लायजा सूचं, म्हणजे जॉनीच्या बहिणीचं रूप घेऊन परत येते. मुख्य मालिकेच्या पहिल्या अंकात फँटॅस्टिक फोरच्या बॅक्स्टर बिल्डिंगमध्ये जी सू गडबड करते ना, ती हीच. म्हणजे सख्खी बहीण म्हणून समोर उभी आहे ती सोडून गेलेली बायको! मुख्य पुस्तकात याचा पत्ताच लागत नाही.

भडंग_आणि_चहा

थांबा थांबा, ती सू म्हणजे लायजा?? मी तो भाग ‘अजून एक स्क्रल’ म्हणून पान उलटून पुढं गेलो. अशी गोष्ट हातात असताना मुख्य मालिकेत त्यावर एक ओळ नसावी म्हणजे कमालच आहे. माझी तक्रार यानं कमी नाही झाली, वाढली. चांगलं सगळं बाजूच्या अंकांत वाटून टाकलं आणि मोठ्या खंडात गर्दी तेवढी ठेवली.

असो. कट्ट्याला असं सांगणार आहे की आधी कॅप्टन मार्व्हलचे पाच, मग हर्क्युलिस, आणि पैसे उरले तर लायजावाली तीन अंकांची. न्यू अॅव्हेंजर्स सगळी घेणं परवडणार नाही, ४० आणि ४४ सुटे मिळाले तर बघतो. सुटे अंक घेताना कुरिअरवाले पाकीट दुमडून टाकतात असा अनुभव आहे, पुठ्ठा लावून नीट पाठवणारा कुणी पुण्या-कोल्हापूरकडचा विक्रेता माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथं नाव-नंबर नको.

कंदीपेढा

व्यनि केलाय. हर्क्युलिस मागवताना खंडावर ‘इन्क्रेडिबल हर्क्युलिस’ नाव बघून घ्या, नुसतं ‘सीक्रेट इन्व्हेजन’ नव्हे, नाहीतर तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरात येईल.

चिरमुरे

आलं तर दुसरं मी घेतो, निम्म्यात.