मदत हवी आहे: तेल-पाणी मोजणाऱ्या सेन्सरच्या धंद्यात उद्यमबागेतल्या लहान वर्कशॉपने उतरावे का?

उद्यमबागेतला:

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे हायड्रॉलिकचे वर्कशॉप आहे. वडिलांनी सिलिंडर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि आता आम्ही पॉवरपॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी यांचा संच), मॅनिफोल्ड ब्लॉक (तेलाच्या वाटा कोरलेला ठोकळा) व लहान सिलिंडर स्वतः बनवतो. गिऱ्हाइके मुख्यतः चिकोडी, अथणी आणि संकेश्वर भागातले साखर कारखाने. उरलेली इथलीच फाउंड्रीवाली मंडळी. ज्या विषयात सल्ला हवा आहे तो आमच्या कामाला अगदी लागून असला, तरी त्याचे व्यवहार मला नवे आहेत. तेल, पाणी, मळी (मोलॅसिस) आणि वाफ यांचा दाब, पातळी, प्रवाह व गुणवत्ता मोजणारे औद्योगिक सेन्सर, हा तो विषय.

तो डोक्यात शिरला एका फजितीमुळे. गेल्या गाळप हंगामात एका कारखान्यात मिलच्या वरच्या रोलरवर दाब देणारा आमचा पॉवरपॅक मध्यरात्रीनंतर बंद पडला. सकाळी जाऊन पाहिले, तर होजपाइप गळून टाकीतले तेल उतरले होते, पण फ्लोट स्विच गाळात अडकून वरच राहिल्यामुळे पंप कोरडाच फिरत राहिला आणि शेवटी जाम झाला. टाकीच्या बाजूची तेलपातळी दाखवणारी काच इतकी पिवळी पडली होती, की आत तेल आहे की जुना डाग आहे, हे बॅटरी मारूनही कळत नव्हते. टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या ब्रीदरचे झाकण कोणीतरी हरवले होते आणि तिथे कॉटन वेस्टचा बोळा कोंबला होता. चूक कोणाची यावर बराच वेळ गेला. पण "तेल संपले हे यंत्रानेच सांगायला नको का?" या चीफ इंजिनिअर साहेबांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर चारेक महिने मी जमेल तेवढे वाचले. बाजारपेठेच्या अहवालांचे फुकट मिळणारे सारांश पाहिले, पण त्यांतून हाती काही लागले नाही. एक अहवाल फक्त सेन्सरचा घटक मोजतो, दुसरा त्यात माप सिग्नलमध्ये पाठवणारा ट्रान्समीटर धरतो, तिसरा घरोघरचे पाण्याचे मीटरही ओढून आणतो, त्यामुळे एकाच वर्षाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. वाढीचा दर मात्र सगळ्यांचाच गोड असतो. शिवाय आकडे डॉलरमध्ये असतात आणि मला कर्जाचा हप्ता रुपयांत भरायचा आहे.

त्यापेक्षा तंत्र कुठे सरकते आहे हे मला जास्त समजले. मोटारींच्या रडारसाठी मोठ्या संख्येने चिप बनू लागल्यामुळे ८० गिगाहर्ट्झचे पातळी मोजणारे रडार पूर्वीच्या मानाने स्वस्त झाले आहेत आणि जिथे अल्ट्रासॉनिकवर भागवले जात होते तिथे ते शिरत आहेत. सिलिकॉनवर कोरलेल्या दाब-सेन्सरचे तसेच झाले आहे. माप विजेच्या प्रवाहातून कळवणारी ४ ते २० मिलिअँपिअरची जुनी तार अजून सगळीकडे आहे, पण तिच्यावर हार्ट, शेजारी मॉडबस आणि नव्या यंत्रांवर आयओ-लिंक अशा डिजिटल संदेश-पद्धती दिसू लागल्या आहेत, म्हणजे सेन्सर नुसते माप न देता स्वतःची तब्येतही सांगू लागला आहे. दुसरीकडे मापक बनवणारे मोठे मासे एकत्र येत आहेत: क्लॅम्प-ऑन (पाइपाच्या बाहेरून बसवायचे) अल्ट्रासॉनिक मीटरवाली फ्लेक्सिम २०२३ मध्ये इमर्सनने घेतली, आणि २०२५ च्या सुरुवातीपासून एंड्रेस हाउजर व सिक यांची प्रोसेस ऑटोमेशनमध्ये भागीदारी सुरू झाली. आपल्याजवळ पुण्यात वाफ आणि मापकांच्या कामातली फोर्ब्स मार्शल आहेच. अशा पंगतीत आमच्यासारख्याचा पाट कुठे मांडायचा, एवढेच मला विचारायचे आहे.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली, पाण्याचे इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर (प्रवाह मोजणारे मीटर) बाहेरून आणून त्यांना मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवणारी पेटी जोडून देणे. दुसरी, कारखाने आणि डिस्टिलरी यांच्या टाक्यांसाठी पातळीमापनाची कामे घेणे. तिसरी, आमच्याच पॉवरपॅकमध्ये तेलाची पातळी, तापमान, त्यातले पाणी आणि कणांची संख्या मोजणारे सेन्सर बसवून तो संच म्हणून विकणे. तिन्हीमध्ये पैसे घालण्याची ऐपत नाही. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना या क्षेत्रात काम केलेले कोणी असल्यास, मागणी खरोखर कुठे आहे आणि ती किती टिकेल, हे कृपया अनुभवाने सांगावे.

जलमापक:

मी फ्लोमीटर विकतो, कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडे, म्हणून पहिल्या वाटेबद्दल बोलतो. पाण्याच्या मीटरला मागणी आहे, पण ती हौसेची नाही, नियमाची आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूजल उपसणाऱ्या उद्योगांना छेडछाड न करता येणारा, टेलिमेट्री (दूरवर आकडे पाठवण्याची सोय) असलेला डिजिटल मीटर बंधनकारक केला आणि त्यानंतर आमचा धंदा वाढला. मात्र हे महाराष्ट्रातल्या शिनोळी आणि कागलच्या गिऱ्हाइकांना सांगता येते तसे तुमच्या उद्यमबागेत सांगता येत नाही, कारण कर्नाटकात भूजलाचा २०११ चा स्वतःचा कायदा आणि स्वतःचे प्राधिकरण आहे. परवान्यावरच्या अटी तिथल्या कागदावर वाचल्याशिवाय कोटेशन देऊ नका. कागद कन्नडमध्ये असेल, तर नीट कन्नड वाचणाऱ्याला सोबत घ्या. एका शब्दाच्या चुकीमुळे मी एकदा भलताच मीटर पुरवला आहे.

दुसरे म्हणजे या वाटेवर गर्दी झाली आहे. मीटर सगळ्यांचे सारखेच, पेटीतले सिमकार्डही सारखेच, त्यामुळे भांडण फक्त दरावर होते. मीटर कॅलिब्रेट झाल्याचे, म्हणजे त्याचे माप तपासल्याचे, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र गिऱ्हाईक मागते आणि मोठ्या व्यासाच्या मीटरसाठी कधी थेट केरळात पालक्काडच्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटपर्यंत जावे लागते. तो वाहतुकीचा खर्च आधी धरा. पेटीत मोबाइल सिमऐवजी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारा लोरा (कमी विजेवर दूरवर आकडे पाठवणारा) रेडिओ घातला, तर लहरींना वेगळा परवाना लागत नाही, पण उपकरणाची मान्यता लागते. ते अनेक जण विसरतात.

आमच्या निम्म्या तक्रारी मीटरच्या नसतात, बसवण्याच्या असतात. पाइपाच्या सर्वांत उंच जागी मीटर बसवतात, तिथे हवा साठते, पाइप अर्धाच भरतो आणि मीटर भरल्या पाइपाचे माप दाखवत राहतो.

पॅनहाऊस:

धागाकर्त्यांस, मी निपाणीकडचा, साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. तुमच्या पॉवरपॅकची गोष्ट वाचून हसू आले, कारण तो कॉटन वेस्टचा बोळा मी प्रत्येक कारखान्यात पाहिला आहे.

दुसऱ्या वाटेबद्दल सविस्तर लिहितो. साखर आणि डिस्टिलरी हे दोन्ही उद्योग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अति-प्रदूषक अशा १७ प्रकारांत येतात आणि २०१४ च्या निर्देशांनंतर सांडपाण्याचे ऑनलाइन मापन त्यांना टाळता आले नाही. त्या लाटेत पीएच (आम्लता), सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी), टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) आणि प्रवाहाचे मीटर भराभर बसले. पुढे इथेनॉल आले. २०३० साठी ठेवलेले २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य सरकारने २०२५-२६ वर आणले, तेव्हा आमच्या भागात डिस्टिलऱ्या वाढल्या आणि टाक्या, लोडिंग पॉइंट व बॉयलर यांच्यासाठी मापकांची खरेदी झाली. पण याच धंद्याने ७ डिसेंबर २०२३ हा दिवसही पाहिला. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आले आणि काढायच्या ऑर्डरी टेबलावरच राहिल्या. पुढच्या वर्षी ते बंधन उठले हे खरे, तरी तेवढ्या महिन्यांत लहान पुरवठादाराचा श्वास कोंडतो. आलेखात ही वाढ सरळ रेषेसारखी दिसते. इथे ती हंगामाने आणि आदेशाने येते. त्यातही बसवाबसवीचे काम कारखाना बंद असताना, म्हणजे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, आणि पैसे मात्र साखर विकल्यावर.

तांत्रिक बाजूही सोपी समजू नका. मळीच्या टाकीवर अल्ट्रासॉनिक बसवला, तर फेस त्याचा आवाज पितो आणि वाफेमुळे हवेतला ध्वनीचा वेग बदलतो. काठीसारखा आत सोडलेला सेन्सर घ्यावा, तर त्यावर मळीचे पुट चढते. रडार यांतून बराच सुटतो, पण त्याच्या नळकांड्याच्या तोंडाशी जाळे धरले किंवा चिकटा साचला, की तोही खोटे बोलतो. इथेनॉलच्या टाकीवर काम घ्यायचे, तर स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित उपकरण आणि तशीच वायरिंग लागते. तिथे 'चालतंय की' चालत नाही. आणखी एक, इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरला द्रवातून वीज वाहावी लागते, साधारण ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर तरी. रसाला, सांडपाण्याला तो उत्तम. शुद्ध अल्कोहोलला किंवा तुमच्या हायड्रॉलिक तेलाला तो आंधळा आहे. अल्कोहोलला कोरिओलिस, म्हणजे नळीच्या कंपनावरून वस्तुमान मोजणारा मीटर लागतो आणि त्याची किंमत ऐकून तुमचे वडील खुर्चीत बसतील.

म्हणून माझे मत तिसऱ्या वाटेला आहे. तेल तुम्ही ओळखता. उसाचा रस तेलात कुठून शिरतो, कोणता सील आधी जातो, ब्रीदर कोण हरवतो, हे पुण्यातल्या किंवा जर्मनीतल्या कोणाला ठाऊक नाही. सेन्सर विकत घ्या, बनवायला जाऊ नका; तुमचे कौशल्य तो कुठे बसवायचा आणि कोणत्या आकड्यावर पंप थांबवायचा यात आहे. ४ ते २० मिलिअँपिअरचाच सिग्नल द्या. ४ वर शून्य असल्यामुळे तार तुटली तर प्रवाह ३.६ च्या खाली जातो आणि कंट्रोल रूममधल्या पोराला बिघाड लगेच समजतो. आयओ-लिंकचा पर्याय ठेवा, पण आमच्या भागात तो मागणारा सध्या हातावर मोजण्याइतका.

होनगेकर:

होनग्यात आमची फाउंड्री आहे. सेन्सर लावलेला पॉवरपॅक आम्ही घेऊ, पण त्याच्या आकड्यांसाठी दर महिन्याला वर्गणी मागणार असाल तर नाही. आजकाल प्रत्येक पुरवठादार स्वतःचे ॲप देतो आणि आमच्या मेंटेनन्सवाल्याच्या फोनमध्ये पाच ॲप झाली आहेत. टाकीवर लाल दिवा लागला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. किंमत किती वाढेल ते आधी सांगा.

उद्यमबागेतला:

सर्वांचे मनापासून आभार. जलमापक साहेब, परवान्यातल्या अटी दोन्ही बाजूंना वेगळ्या असतील हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पाण्याच्या मीटरची वाट मी सध्या सोडतो आहे. काका, आपण इथेनॉलच्या ऑर्डरींबद्दल जे लिहिले ते वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी फक्त "मग बरोबर" एवढेच म्हटले आणि ते पुन्हा बेंचकडे गेले.

होनगेकर, किंमतीचे असे आहे. पातळी आणि तापमान मिळून एकच सेन्सर, तेलातल्या पाण्यासाठी कॅपॅसिटिव्ह सेन्सर आणि लाल दिवा एवढे घेतले, तर संचाची किंमत वाढते, पण एका जाम झालेल्या पंपाच्या किमतीपेक्षा ती वाढ कमी आहे; हा हिशेब मी जुन्या बिलांवरून मांडून पाहिला. कणमोजणी घातली की मात्र गणित बिघडते. म्हणून ती फक्त मोठ्या पॉवरपॅकवर देईन. वर्गणी नसेल. आकडे टाकीवरच्या डिस्प्लेवर दिसतील आणि हवे असल्यास कारखान्याच्या पीएलसीत, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या संगणकात, जातील. डिस्प्लेवरचे इशारे कन्नड आणि मराठी दोन्हींत ठेवणार आहे, कारण रात्रपाळीला टाकीजवळ उभा असणारा माणूस दोन्हीपैकी एक नक्की वाचतो.

येत्या हंगामासाठी दोन पॉवरपॅकवर हे बसवण्याचे ठरवले आहे. एक शेवटचा तांत्रिक प्रश्न उरला. कणांच्या संख्येवरून श्रेणी देणाऱ्या आयएसओ ४४०६ या मानकाप्रमाणे तेलाची स्वच्छता मोजणारा ऑप्टिकल कणमापक कुठे बसवावा? माझ्या मनात परतीची लाइन आहे, फिल्टरच्या आधी, म्हणजे सिलिंडरमधून नेमकी किती घाण येते ते दिसेल.

पॅनहाऊस:

विचार बरोबर, जागा चुकीची. परतीच्या लाइनमध्ये दाब कमी असतो, तेलात हवेचे बुडबुडे असतात, आणि ऑप्टिकल कणमापक बुडबुडासुद्धा कण म्हणून मोजतो. आयएसओ ४४०६ च्या मोजपट्टीत एक आकडा वाढला म्हणजे कण दुप्पट झाले, असा अर्थ असतो. तेव्हा बुडबुड्यांनी तुमचा आकडा दोन-तीन पायऱ्या वर जाईल आणि कारखानेवाला विनाकारण तेल बदलेल. दाबाच्या लाइनवरून बारीक बायपास काढा, त्यावर प्रवाह स्थिर ठेवणारा व्हॉल्व्ह लावा, कणमापक त्या व्हॉल्व्हच्या आधी म्हणजे दाबाखाली ठेवा, आणि तेल टाकीत सोडताना पातळीच्या खाली सोडा, वरून ओतू नका. फिल्टरच्या आधीची घाण पाहायची असेल, तर महिन्यातून एकदा परतीच्या लाइनमधून बाटलीत नमुना काढा. आणि त्या ब्रीदरचे झाकण साखळीने टाकीला बांधा.

उद्यमबागेतला:

साखळी आजच लावतो, काका.